जिवाला घोर लागला की सुरुवात कुठून करायची

"मला नैराश्य आलंय" हे वाक्य आमच्या गावात मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ऐकू येतं ते वेगळंच. "डोकं जड पडून राह्यलं." "जेवण जात नाही." "छातीत धडधडते." "काहीच करू नये असं वाटते जी." बाई असेल तर कंबर, म्हातारा असेल तर "आता काय राह्यलं" एवढंच. मग गावातला डॉक्टर बीपी बघतो, सलाइन लावतो, दोन-तीनशे रुपये जातात, दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा लेख त्या तिसऱ्या दिवसासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे. सात एकर वावर, नावाला एक विहीर, अर्ध्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि अर्ध्यात सोयाबीन-तूर. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, त्यानंतरचा हिवाळा मी कसा काढला ते घरच्यांना माहीत आहे. तेव्हा कोणी हाताला धरून "आधी हे कर, मग ते कर" असं सांगितलं असतं तर बरेच महिने वाचले असते. म्हणून क्रमानं लिहितो.

एक गोष्ट मात्र क्रमाच्याही आधी. तुमच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील तर बाकीचं नंतर वाचा, आत्ता १४४१६ लावा. हा सरकारच्या टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, चोवीस तास उचलतात, मराठीत बोलतात. आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. त्याबद्दल पुढं सविस्तर आहेच.

पहिलं काम: अंगाचं दुखणं वेगळं काढा

छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय, डावा हात किंवा जबडा भरून येतोय, दरदरून घाम सुटलाय, तर "टेन्शन असंन" म्हणून खाटेवर पडून राहू नका. १०८ ला फोन करा. ईसीजी नीट निघाला तर उत्तमच.

धडधड, थकवा, गळाठा बरेच दिवस चालला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉईड तपासायला सांगा. थायरॉईड कमी पडलं की माणूस उदास होतो, आणि आपण त्याला समजावत बसतो. आमच्या घरी आता नियम आहे: बाईचं हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय तिला आळशी म्हणायचं नाही.

तपासण्या बऱ्या आल्या तरी त्रास आहेच, मग दिवस मोजा. पीक गेलं त्या रात्री झोप न येणं हा आजार नव्हे, ते माणूस असल्याचं लक्षण आहे. पण दोन आठवडे झाले, बहुतेक दिवस मन उदास आहे, ज्यात जीव रमायचा त्यात रमत नाही, बैल धुवायचाही कंटाळा येतो, भजनाला जाणं सुटलं, भूक नाही, "सगळं माझ्यामुळंच झालं" हे एकच चाक डोक्यात फिरतंय, तर ते अंगावर काढायचं नाही. डॉक्टरही हीच दोन आठवड्यांची खूण धरतात. मोजायला सोपी रीत सांगतो. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहिता, तिथंच वाईट गेलेल्या दिवशी एक टिंब द्या. महिना उलटताना टिंबं दिसतात. आठवणीवर गेलं तर एक दिवस सगळंच वाईट वाटतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच झालं नव्हतं असं वाटतं.

दुसरं काम: झोप, कशीही करून

शहरातले लोक सांगतात, रात्री दहाला आडवं व्हा, सहाला उठा. त्यांना विचारावंसं वाटतं, रात्रीची लाईन आली तर ओलीत कोण करणार, आणि हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) कोण हाकलणार? आमच्याकडं झोप मोडते ती बऱ्याचदा जागलीनं. सलग पंधरा रात्री जागल केल्यावर चांगल्या सुखी माणसालाही जग नकोसं होतं. मग ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याचं काय?

म्हणून झोपेची सुरुवात मनापासून करू नका, जागलीच्या पाळीपासून करा. आमच्या धुऱ्याला धुरा लागून तिघांची वावरं आहेत. त्या हिवाळ्याच्या शेवटी आम्ही ठरवलं, एका रात्री एकानंच मळ्यावर जायचं, तिन्ही वावरं त्यानंच बघायची, बाकी दोघांनी घरी झोपायचं. एक पैसा लागला नाही. तिघांपैकी दोघांचं एकमेकांशी धुऱ्यावरून जुनं भांडण होतं, ते तसंच ठेवून पाळी चालली. ज्या रात्री जागल असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी येऊन अंधाऱ्या खोलीत, मोबाईल बाहेर ठेवून, किमान चार तास सलग झोपा. इथं अर्धा तास, तिथं अर्धा तास अशा डुलक्यांनी झोप भरत नाही.

घरी झोपता त्या रात्रींसाठी: दुपारी चारनंतर चहा बंद. अंथरुणात वीस मिनिटं होऊनही डोळा लागला नाही तर उठा, ओसरीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं काम करा, डोळे जड झाले की परत जा. मी लसूण सोलायचो. घरात त्या वर्षी लसणाची चटणी कधी कमी पडली नाही. आणि रात्री तीन वाजता केलेला कोणताच हिशेब धरायचा नाही. तोच हिशेब सकाळी भाकरी खाऊन पुन्हा करा, आकडा तोच येतो पण तो तितका मोठा दिसत नाही.

छाती धडधडायला लागली की श्वासाची साधी रीत: मनात चारपर्यंत मोजत श्वास आत, सहापर्यंत मोजत बाहेर. बाहेर सोडायला जास्त वेळ, एवढंच लक्षात ठेवा. पाच मिनिटं. बंडीवर बसल्या बसल्याही होतं, कोणाला कळत नाही.

दारूचं बोललंच पाहिजे. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि मिळते कुठं हे मला कोणी सांगायला नको. दारूनं झोप लागते हे खरं. पण ती उतरायला लागली की मध्यरात्रीनंतर जाग येते, आणि मग जो जीव घाबरा होतो तो आदल्या रात्रीपेक्षा जास्त. खर्ऱ्यानं तलफ भागते, पण तंबाखूनं छातीची धडधड वाढतेच. एक धोका मात्र नीट समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एकदम सोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. सोडायचीच आहे, पण डॉक्टरच्या गोळ्यांच्या आधारानं.

तिसरं काम: पाकीट फोडा

त्या हिवाळ्यात बँकेचं एक पाकीट आलं होतं. मी ते फोडलं नाही, कालनिर्णयच्या मागं खोचून ठेवलं. त्यामुळं कालनिर्णय एका बाजूनं फुगला होता, आणि मी जेवायला बसायचो ते नेमकं त्याच भिंतीसमोर. सव्वा महिना तो फुगवटा बघत भाकरी खाल्ली. जप्ती येणार, लाऊडस्पीकरवर नाव पुकारणार, असलं काय काय मनात रचलं. शेवटी महिना बदलला, पोरीनं पान उलटलं, पाकीट खाली पडलं आणि तिनंच फोडलं. लोक अदालतीची नोटीस होती. अमुक तारखेला या, व्याजात सूट घेऊन तडजोड करा. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. पुढच्या लोक अदालतीपर्यंत तीन महिने थांबावं लागलं, आणि तेवढ्याचं व्याज पुन्हा चढलं.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की आपल्याला खातो तो आकडा नव्हे, न उघडलेला कागद खातो.

दिवसाउजेडी बसा, रात्री नाही. सोबत वाचता येणारं कोणीतरी घ्या, दहावीतली पोरगीही चालते. घरातले सगळे कागद सतरंजीवर पसरा. मग वहीत एकेक काळजी एका ओळीत लिहा आणि प्रत्येकीपुढं तीन गोष्टी: शेवटची तारीख कोणती, जायचं कुठं, कागद कोणता लागतो.

पीककर्ज थकलंय? जायचं बँकेच्या शाखेत. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत लागली असेल तर कर्जाच्या पुनर्गठनाचं, म्हणजे फेडीची मुदत वाढवून मिळण्याचं, स्वतःहून विचारा, कोणी बोलावून सांगत नाही. अतिवृष्टीनं वावर खरडलं? तलाठ्याकडं पंचनाम्यात नाव आलं का ते डोळ्यांनी बघा. सावकार घरी येऊन बसतो? महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याच्याकडं परवाना नसेल तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडं तक्रार जाते. वकिलाला पैसे नाहीत? तालुका विधी सेवा समिती आहे, फोनवर १५१०० आहे. आणि बायांसाठी खास: मायक्रोफायनान्सच्या वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. हप्ता द्यायचाच आहे, पण रात्री आठला दारात उभं राहून चार शेजाऱ्यांसमोर बोलून घ्यायची गरज नाही.

आता काही ओळींपुढं तिन्ही रकाने कोरे राहतात. "भाव वाढंन का?" तारीख नाही, जागा नाही, कागद नाही. ही काळजी नव्हे, हा घोर. त्यातून काही काम निघतं का एवढंच बघायचं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, तो माझ्या रात्र रात्र जागण्यानं ८,१११ झाला नसता. पण सीसीआयला, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी झाली का, कापसात ओल १२ टक्क्यांच्या आत आहे का, सातबाऱ्यावर पेरा चढला का, ही कामं आहेत. ती वर लिहा. उरलेला घोर खाली ठेवा आणि त्याला रोजची एक वेळ द्या, संध्याकाळच्या चहानंतर अर्धा तास. दिवसभर मनात आला की म्हणायचं, "संध्याकाळी बघू." पहिले आठ दिवस हा पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता.

मोबाईलवरचे भावाचे आणि हवामानाचे ग्रुपही त्याच अर्ध्या तासात बघा. दिवसातून वीस वेळा बघून ढग हलत नाहीत.

चौथं काम: एक माणूस

सगळ्या गावाला सांगायचं नाही. एकालाच सांगायचं, पण खरं सांगायचं. तो हुशार नसला तरी चालेल, त्याच्या पोटात गोष्ट राहिली पाहिजे आणि त्यानं लगेच उपाय सांगत सुटू नये. तोंड उघडायला जड जातं, म्हणून वाक्यच देतो: "सल्ला नको देऊ भाऊ, दहा मिनिटं फक्त ऐक." बाई असाल तर माहेरची बहीण, बचत गटातली एखादी, वेचणीत शेजारच्या ओळीला असते ती. वेचताना नजर बोंडावर असते, एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं बोलणं सोपं जातं असं घरची मंडळी सांगतात.

माझ्याकडं माझा दोस्त आला होता. मी ओसरीत किडक्या बोंडांतून कवडी, म्हणजे खराब कापूस, काढत बसलो होतो. तो समोर बसला, टोपल्यातली मूठभर बोंडं त्यानं स्वतःकडं ओढली आणि तोही कवडी काढायला लागला. अर्धा-पाऊण तास आम्ही दोघं काहीच बोललो नाही. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "काऊन रे, रात्री झोप लागते का नाई?"

"नाई."

"मंग?"

त्या "मंग" नंतर मी बोलायला लागलो ते दिवेलागणीपर्यंत. त्यानं मला एकदाही "बाकीच्याचं नाही का गेलं?" असं म्हटलं नाही. ते वाक्य आपल्याकडं समजूत म्हणून वापरतात, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ "तुझं दुखणं खोटं आहे" असाच लागतो. "माणसासारखा माणूस अन् रडते काय?" हे तर बोलूच नका. ऐकणाऱ्यानं "मंग?" एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं.

गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी जाऊन बसा. देव मानता का नाही हा प्रश्न वेगळा, त्या वेळी चार माणसांत बसणं होतं. एकटा माणूस संध्याकाळीच जास्त खचतो.

मरणाची भाषा ऐकू आली तर

"माझ्या मागं पोराइकडे पाहजो." "आता तुम्हाले त्रास नाही देत." कोणी अचानक देणीघेणी मिटवायला लागतो, आवडीची वस्तू देऊन टाकतो, किंवा इतके दिवस तळमळणारा माणूस एकदम शांत होतो. हे ऐकलं-पाहिलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा: "मरावं असं मनात येते का?" विचारल्यानं डोक्यात नवा विचार घुसतो हा समज चुकीचा आहे. उलट, कोणीतरी विचारलं याचाच माणसाला आधार होतो.

हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका. सोबत राहा, १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या, सकाळ होताच दवाखान्यात न्या. आणि त्याच दिवशी, त्याला न सांगता, फवारणीचं सगळं औषध घराबाहेर हलवा. शेजाऱ्याच्या कुलपात, किल्ली शेजाऱ्याकडं. ही अशी वेळ पुष्कळदा काही तासांची असते, तेवढे तास हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. मी तर म्हणतो, कोणाला काही झालं नसलं तरी औषध माळ्यावर आणि खाटेखाली ठेवायची आपली सवयच मोडली पाहिजे.

कोणी काही करून बसलाच तर घरगुती उपाय करत वेळ घालवू नका, १०८ बोलवा, काय घेतलं त्याचा डबा सोबत न्या. पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला कचरतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. जबाब होतो, पण त्याला भिऊन माणूस घालवू नका.

शेवटचं काम: दवाखाना

वरचं सगळं करूनही टिंबं कमी होत नसतील तर सुरुवात आशाताईपासून करा. तिला घरोघरचं माहीत असतं. ती उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याशी गाठ घालून देते. पुढं जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात मनोविकाराचा डॉक्टर बसतो. यवतमाळ, अकोला, नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये आणि सेवाग्रामलाही हा विभाग आहे. खिडकीवर "मनोविकार ओपीडी" म्हणा, लाजू नका. ओपीडीत जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, त्यामुळं आपल्या बोलण्यात "नागपूरला पाठवा याले" ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण हजार माणसं सकाळी बसनं जाऊन दुपारी गोळ्या घेऊन घरी येतात.

सकाळी लवकर निघा. सोबत एक माणूस, आधार, जुनी फाईल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पानं आणि ते टिंबांचं कालनिर्णय. डॉक्टर झोपेचं विचारतील, भुकेचं, पिण्याचं, घरात आधी कोणाला असं झालं का ते, आणि मरणाच्या विचारांचंही. खरं सांगा. घरच्यांसमोर जमत नसेल तर "यांना थोडं बाहेर बसवा" असं म्हणायला हरकत नाही.

उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात उलट मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, आणि आपले लोक नेमके तिथंच गोळ्या सोडतात. बरं वाटलं म्हणूनही मनानं बंद करू नका, बऱ्याच वेळा काही महिने चालवाव्या लागतात आणि हळूहळू कमी कराव्या लागतात. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, यांची नशा लागत नाही. शेजाऱ्याच्या पानातली गोळी मात्र खाऊ नका. घरचे बुलढाण्याकडं सैलानी बाबाच्या दर्ग्याला न्यायचं म्हणतील. जायचं तर जा, त्यानं मनाला बरं वाटत असेल तर माझी ना नाही, फक्त गोळ्यांचं पान पिशवीत असू द्या आणि साखळीला, मारहाणीला कोणी हात घालत असेल तर तिथून निघा.

परत येताना कार्डावर पुढची तारीख लिहून देतात. ती हमखास ऐन वेचणीत नाहीतर तुरीच्या सवंगणीत येते. त्या दिवशीची मजुरी बुडेल म्हणून जाणं टाळू नका. टळलंच तर दुसऱ्या दिवशी जा. थोडं बोलतात, पण गोळ्या देतात.